हर्रास

गेल्या वर्षी ऑगस्ट महिन्यात मुंबईहून भाचीने मला एक फोटो पाठवला. खाली लिहिले होते, "मामा, तुमच्या नागपूरकर भोसल्यांची तलवार. आली एकदाची." फोटो मी बोटांनी ताणून मोठा केला. (हे तंत्र मला नातवाने शिकवले. त्याआधी मी मोबाईलवर भिंग धरत असे!) पात्याच्या पाठीजवळ सोन्यात बसवलेली देवनागरी अक्षरे होती: श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहिबसुभा फिरंग.

आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. 'सेनासाहेबसुभा' हा शब्द फळ्यावर किती वेळा लिहिला असेल याचा हिशेब नाही. शाहू महाराजांनी पहिल्या रघूजींना दिलेला हा किताब मुले परीक्षेपुरता पाठ करत आणि विसरून जात. मीही तो परीक्षेपुरताच शिकवला, असे आता वाटते. तोच शब्द पोलादावर, सोन्यात, त्या माणसाच्या हयातीतल्या अक्षरांत दिसला तेव्हा बराच वेळ काही सुचले नाही.

ही तलवार २९ एप्रिल २०२५ ला लंडनमध्ये सदबीजच्या लिलावात निघाली होती. सरकारपर्यंत बातमी पोचली ती आदल्याच दिवशी. मग धावपळ झाली, मध्यस्थामार्फत बोली लावली गेली आणि महाराष्ट्र शासनाने ती घेतली. हाताळणी, वाहतूक, विमा धरून खर्च ४७ लाख १५ हजार रुपये. १८ ऑगस्टला ती मुंबईत आली. सरळ, एकधारी युरोपी पाते, मुल्हेरी घडणीची मूठ, त्यावर सोन्याचे कोफ्तगारी काम. पाते परदेशी म्हणून 'फिरंग'. त्या काळच्या मराठा सरदारांना युरोपी पात्यांचे मोठे आकर्षण होते. स्वदेशी-विदेशीचा आपला वाद त्यांच्या गावी नव्हता.

बातमी वाचून आमच्या सकाळच्या फिरायच्या कंपूत एकाने विचारले, "आपलीच वस्तू आपण पैसे देऊन का घ्यायची? चोराला पैसे देण्यातलाच हा प्रकार." प्रश्न रास्त आहे. मी तेव्हा काही बोललो नाही. कारण त्या क्षणी मला माझा मामा आठवला. ते पुढे सांगतो.

आधी शब्दाबद्दल. 'लिलाव' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. त्यांचा 'लैलांव', आपला लिलाव. पण आमच्या विदर्भात आजही पुष्कळ ठिकाणी 'हर्रास' म्हणतात. कापसाचा हर्रास, बाजारठेक्याचा हर्रास, जप्तीच्या मालाचा हर्रास. लहानपणी मला हा शब्द 'ऱ्हास' या शब्दाचा भाऊच वाटत असे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ते चूक आहे, तो अरबी-फारसीतून आलेला आहे. पण पोराच्या कानाला जे वाटले ते वाटले.

आणि नागपूरने जो हर्रास पाहिला, त्याला माझी बालपणातली व्युत्पत्तीच लागू पडते.

तिसरे रघूजी ११ डिसेंबर १८५३ ला वारले. औरस पुत्र नव्हता. राण्यांनी घराण्यातल्याच यशवंतराव अहेररावांना दत्तक घेतले, जानोजी हे नाव दिले. डलहौसीने दत्तक मान्य केला नाही आणि मार्च १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. एवढे पाठ्यपुस्तकात असते. पुस्तकात नसते ते पुढचे. राज्य घेतले म्हणजे राजवाड्यातली चीजवस्तू कोणाची? डलहौसीचे उत्तर सरळ होते. जडजवाहीर राज्याच्या पैशाने घेतलेले, म्हणून ते राज्याचे. राज्य आता कंपनीचे, म्हणून जवाहीरही कंपनीचे. राण्यांच्या इतमामाला शोभेल इतके त्यांना ठेवून बाकीचे विकायचे आणि त्या पैशातून घराण्याच्या नेमणुकांसाठी निधी उभा करायचा. त्यालाच पुढे 'भोसला फंड' म्हणत. म्हणजे तुमचेच दागिने विकून तुम्हालाच पेन्शन, आणि ते देणारे उपकारकर्ते आम्ही! कागदावर मात्र सगळे अगदी रीतसर दिसते.

पहिल्यांदा निघाली जनावरे. हत्ती, उंट, घोडे, बैल अशी पाच-सहाशे जनावरे हर्रासात काढली. के नावाच्या इंग्रज इतिहासकाराने १८५७ च्या बंडाचा इतिहास लिहिताना यावर पाने खर्च केली आहेत, आणि तो काही कंपनीचा शत्रू नव्हता. शंभर रुपये किमतीची बैलजोडी पाच रुपयांना गेली, असे तो नोंदवतो. राण्यांनी कमिशनरकडे निषेध पाठवले, गव्हर्नर जनरलकडे अर्ज केले. काही झाले नाही. त्यानंतर पाळी आली वाड्यातल्या सामानाची. तेव्हा बाकाबाई संतापल्या. दुसऱ्या रघूजींच्या त्या विधवा, ऐंशीच्या घरातल्या, संयमासाठी आणि शहाणपणासाठी इंग्रजांनीही वाखाणलेल्या. सामान हलवाल तर वाड्याला आग लावीन, असे त्यांनी बजावले. सामान हलवले गेलेच. जवाहीर कलकत्त्याच्या बाजारात गेले. राज्य गेले त्यापेक्षा या विक्रीने लोकांच्या मनावर वाईट परिणाम झाला, असा केचा अभिप्राय आहे.

हे मला तरुणपणी कळत नसे. राज्य जाणे मोठे की हत्ती-घोडे जाणे मोठे? राज्य खालसा झाले ते एका कागदावर, तो कागद कुणी पाहिला? पण काल ज्या हत्तीवर अंबारी होती, त्याचा आज उघड्यावर पुकारा होतो आहे, कुणीही सोम्यागोम्या त्याच्या पायाला हात लावून बघतो आहे, हे सगळ्या शहराने डोळ्यांनी पाहिले. मेजर इव्हान्स बेल नावाचा एक इंग्रज अधिकारी त्या काळात नागपुरात नोकरीला होता. त्याने भोसल्यांची बाजू इतक्या नेटाने मांडली की सरकारची मर्जी गमावून बसला. असाही एक निघाला, हे मी वर्गात आवर्जून सांगत असे.

विशेष म्हणजे याच बाकाबाईंनी १८५७ मध्ये आपल्या लोकांना बंडात पडू दिले नाही. पुढे इंग्रजांनी जानोजींचा दत्तक मानला, 'राजाबहादूर ऑफ देऊर' असा किताब दिला. बाकाबाई तोवर, १८५८ मध्येच, गेल्या होत्या. त्यांना भित्र्या म्हणणारे लोक मी पाहिले आहेत. मला तसे म्हणवत नाही. वाडा जाळीन म्हणणारी बाई भित्री नसते. तिने काय हिशेब केला असेल तो केला.

आता एक गोष्ट सांगितली नाही तर ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. हे जवाहीर जिथे विकले गेले ते कलकत्ता बंगालमध्ये. आणि भोसल्यांच्या वैभवात बंगालचा पैसा किती होता? रघूजींच्या फौजांनी १७४० च्या दशकात बंगालवर स्वाऱ्यांमागून स्वाऱ्या केल्या. १७५१ मध्ये अलीवर्दीखानाने दरसाल बारा लाख चौथाई कबूल केली आणि ओडिशा भोसल्यांच्या हाती आले. बंगाली आया अजूनही मुलांना झोपवताना 'बर्गी' येतील अशी भीती घालतात. ते बर्गी म्हणजे आपले बारगीर. निवृत्तीनंतर सहलीत भेटलेल्या एका बंगाली शिक्षकाला मी नागपूरचा म्हणून सांगितले, तर तो हसत म्हणाला, "अच्छा, म्हणजे तुम्ही बर्गी!" मीही हसलो, पण जरा ओशाळून. ज्या तलवारीवरचे नाव वाचून माझे डोळे भरून आले, तिच्या धन्याचे नाव तिकडे कसे घेतात हे विसरून चालणार नाही. लुटीचा माल लुटला गेला आणि तो जिथून आला होता तिथल्याच बाजारात विकला गेला, असा हा फेरा आहे. नागपूरकर म्हणून मला हे लिहायला आवडत नाही. इतिहास शिकवला म्हणून लिहितो.

योगायोग असा की सदबीज या पेढीचा पहिला लिलाव झाला १७४४ मध्ये. सॅम्युअल बेकर नावाच्या लंडनच्या पुस्तकविक्याने एका सरदाराची ग्रंथसंपदा विकली. त्याच वर्षी तिकडे बंगालमध्ये अलीवर्दीखानाने वाटाघाटीच्या बहाण्याने बोलावून रघूजींचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांना दग्याने मारले. एकीकडे पुस्तकांवर हातोडी पडत होती, दुसरीकडे माणसांवर तलवार. त्या तलवारवाल्यांची तलवार त्या पुस्तकवाल्यांच्या दुकानी पोचायला दोनशे एक्क्याऐंशी वर्षे लागली. नागपुराहून ती बहुधा १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतरच्या लुटीत गेली असावी, असा अंदाज सांगितला गेला आहे.

पण ती परत आली, ती कशामुळे? तिच्यावर नाव होते म्हणून. नुसतीच 'मराठा तलवार, अठरावे शतक' अशी असती तर एखाद्या हौशी संग्राहकाच्या भिंतीवर गेली असती आणि आपल्याला पत्ताही लागला नसता. या लिलावांच्या छापील याद्या मी भाचीकडून मागवून पाहतो. वस्तूचे वर्णन तपशीलवार असते, लांबी मिलिमीटरमध्ये असते, अंदाजे किंमत असते आणि मालकीचा पूर्वेतिहास या सदरात बरेचदा एवढेच, 'खासगी संग्रहातून'. दोन-तीनशे वर्षे या दोन शब्दांत गुंडाळलेली! हातोडी पडली की त्या बोलीवर पेढीचे कमिशन वेगळे चढते, पण वस्तूच्या गोष्टीत एका ओळीचीही भर पडत नाही.

नागपूरच्या राण्यांचे दागिने आठवा. दागिन्यावर कुणी नाव कोरत नाही. चिंचपेटी, तन्मणी, बाजूबंद विकले गेले की सोनाराच्या हातात खडे वेगळे, मोती वेगळे, सोने वितळून वेगळे. मग ते कुणाचेच राहत नाहीत. आई म्हणायची, सोनं मोडलं की त्याला माहेरही नाही आणि सासरही नाही.

याला एक उलटे उदाहरण आहे, तेही आपल्याच मुलखातले. नाशिकचा हिरा. हा त्र्यंबकेश्वराच्या देवाचा म्हणून सांगितला जातो. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाकडून तो इंग्रजांकडे गेला, कर्नल ब्रिग्जने तो ताब्यात घेतला आणि दख्खनच्या लुटीत जमा झाला. वजन तेव्हा सुमारे ९० कॅरट. लंडनमध्ये रंडेल आणि ब्रिज या जवाहिऱ्यांनी त्याला नव्याने पैलू पाडले, ८० कॅरटच्या किंचित वर उरला. १८३७ मध्ये लंडनच्या जाहीर लिलावात तो ७,२०० पौंडांना गेला, मग वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसने तो घेतला आणि आपल्या तलवारीच्या मुठीत बसवला. १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने त्याला पुन्हा कापले. आता उरला ४३.३८ कॅरट. १९७० मध्ये न्यूयॉर्कला लिलावात तो पाच लाख डॉलरला गेला. घेणारा होता मालमोटारींच्या धंद्यातला एक अमेरिकन गृहस्थ. पुढे तो लेबनॉनच्या मुआवद या जवाहिऱ्यांकडे गेला. इथे नाव टिकले, 'नासाक' असे मोडकेतोडके का होईना, कारण नावामुळे भाव येतो. पण दगड निम्म्याहून कमी उरला. देवाचा हिरा ज्याला म्हणतात त्याचा अर्धा भाग पैलू पाडणाऱ्यांच्या सहाणेवर पूड होऊन गेला. चमक वाढली म्हणतात. असेल.

सगळेच लिलाव जप्तीचे नसतात, हेही खरे. १९७१ मध्ये तनखे बंद झाल्यावर कित्येक संस्थानिकांच्या घरातून वस्तू त्यांच्याच मर्जीने बाहेर गेल्या. इंदूरच्या होळकरांच्या माणिकबाग राजवाड्यातले फर्निचर १९८० मध्ये मोनॅकोला विकले गेले. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी करवून घेतलेला मोत्यांचा गालिचा २००९ मध्ये दोहा येथे साडेचौपन्न लाख डॉलरला गेला. हा गालिचा त्यांनी मदिनेला अर्पण करण्यासाठी बनवला असे सांगतात. मराठा राजा आणि मदिनेसाठी मोत्यांचा गालिचा! आजच्या दिवसांत हे वाक्य दोनदा वाचावे लागते. पण ज्याचे त्याने विकले, त्यात आपण काय बोलावे? १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरच्या वस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत, तेवढा तरी आडोसा आता आहे.

असो. मामाची गोष्ट राहिली. नातेवाईक मंडळींना ती माहीत आहे, पण अर्धीच.

मी अकरा वर्षांचा होतो. वडिलांनी बैलजोडीसाठी सोसायटीचे कर्ज काढले होते. लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला, कापूस बसला, हप्ते थकले. एके दिवशी कोतवालाने गावात दवंडी दिली आणि आमच्या नावाने हर्रास पुकारला गेला. बैलजोडी, दोन पितळी हंडे आणि आजीचे तांब्याचे घंगाळ. चावडीपुढे लिंबाच्या झाडाला बैल बांधले होते. मी शाळेत गेलो नव्हतो, पारामागे उभा होतो. गावातल्या कुणीही बोली लावायची नाही असे सगळ्यांनी मनोमन ठरवलेले असावे, कारण सगळे जमिनीकडे बघत होते. बोली लावत होता तो तालुक्याहून आलेला एक व्यापारी. किंमत अगदी खालच्या आकड्यावर अडली होती. एवढ्यात शेजारच्या गावाहून मामा सायकलवर आला. सायकल आडवी टाकूनच त्याने आकडा पुकारला. व्यापारी चढत गेला, मामाही चढत गेला. एकवार, दोनवार, तीनवार. बैल मामाचे झाले.

संध्याकाळी त्याने ते आणून आमच्याच गोठ्यात बांधले. वडील ओसरीवर बसले होते, उठले नाहीत. मामा म्हणाला, "माह्या गोठ्यात जागा नाही भाऊजी, तुमच्याच इथं राहू द्या." त्याचा गोठा आमच्या दुप्पट होता, हे वडिलांनाही ठाऊक होते.

गोष्ट इथवर सगळे सांगतात. त्यापुढचे असे की वडील त्यानंतर चार वर्षे मामाशी धड बोलले नाहीत. आपलेच बैल दुसऱ्याच्या पैशाने परत यावेत, हे त्यांना हर्रासापेक्षा जास्त लागले. पैसे मात्र त्यांनी पै न पै फेडले. शेवटचे शंभर रुपये मीच मामाकडे नेऊन दिले, मॅट्रिकच्या वर्षी. मामाने मोजले नाहीत, फक्त विचारले, "भाऊजी बरे आहेत ना?" आणि फळीवरच्या डब्यात ठेवले. म्हणून, आपलीच वस्तू विकत का घ्यायची, या प्रश्नाला माझ्याकडे सोपे उत्तर नाही. मामाने घेतली ते बरोबर होते. वडिलांना राग आला तोही खोटा नव्हता.

मामाच्या खिशात पैसे होते ते बैलांपुरतेच. हंडे आणि घंगाळ व्यापाऱ्याने नेले. आजी काही बोलली नाही. त्या घंगाळाला दोन बाजूंना कड्या होत्या आणि काठावर तिचे नाव होते, माहेरच्या गावासकट, टाकीने ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेले. रुखवतात आले होते ते. तिला लिहिता-वाचता येत नव्हते, पण त्या ठिपक्यांवर बोट फिरवून, हे माझं नाव, असे ती मला दाखवत असे. माझी अक्षरओळख पाटीआधी त्या काठावर झाली.

तेव्हापासून एक खोड लागली आहे. कुठे जुनी भांडी दिसली की मी ती कलती करून काठ वाचतो. पुण्याला केळकर संग्रहालयात मुलांची सहल नेली होती, तिथेही काचेपलीकडच्या घंगाळाभोवती मान वाकडी करून फिरत होतो; मुले हसली. दिनकर केळकरांनी आयुष्यभर अशाच घरगुती वस्तू गोळा केल्या, दिवे, अडकित्ते, वज्र्या. त्या बहुतेक लिलावातल्या नव्हेत, जुन्या बाजारातल्या आणि लोकांच्या माळ्यांवरच्या. त्यांच्याबद्दल मला राजेरजवाड्यांच्या संग्राहकांपेक्षा जास्त आदर आहे तो यासाठी. हल्ली घंगाळांना पुन्हा भाव आला आहे. हॉटेलांच्या दारात पाणी भरून त्यात झेंडूची फुले सोडतात.

दिवाळीआधी इतवारीत गेलो होतो. मोडीच्या भांड्यांच्या एका दुकानाबाहेर तीन-चार घंगाळे एकात एक घातलेली दिसली. मी वरचे उचलून काठ उजेडाकडे फिरवला. दुकानदार म्हणाला, "काका, घ्यायचं आहे का? वजनावर लावून देतो." म्हटले, नाव वाचतो आहे. त्याने माझ्याकडे जरा पाहिले आणि मग स्वतःच खालची दोन काढून माझ्यापुढे ठेवली. एकावर काही नव्हते. दुसऱ्यावर कुणा बाईचे नाव होते, वेगळेच. गाव मात्र आमच्या तालुक्यातले होते.